नऊ की बारा?

माझ्या गोल्फच्या ड्रायव्हरच्या तळावर ९ हा आकडा कोरलेला होता. चार वर्षांपूर्वी तो घेतला तेव्हा दुकानदाराने काठीची दोन डोकी समोर ठेवली, एकावर ९ आणि दुसऱ्यावर १२. "बारा बायकांना, नाहीतर सत्तरीच्या पुढच्यांना," तो म्हणाला. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो, अंगात बऱ्यापैकी ताकद होती, आणि त्या एका वाक्यावर मी पन्नास हजारांच्या घरातली खरेदी केली. आधी चार चेंडू मारून बघा, असं कोणी म्हणालं नाही. पुढची चार वर्षं माझा चेंडू बुटका निघायचा, उजवीकडे वळायचा आणि दीडशे यार्डांच्या थोडा पुढे जाऊन खाली यायचा. ताकद कमी पडते असं समजून मी आणखी जोर लावत राहिलो.

ज्यांनी गोल्फची काठी हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. काठी सरळ उभी धरली की डोक्याचा पुढचा भाग, ज्याला आम्ही फेस म्हणतो, किंचित मागे कललेला दिसतो. तो कल म्हणजे लॉफ्ट. सँड वेजचा लॉफ्ट ५६ अंशांच्या आसपास असतो, सात नंबरच्या आयर्नचा तिशीच्या आसपास, आणि ड्रायव्हरचा साधारण ८ ते १२. चेंडू किती उंच निघणार आणि हवेत किती फिरणार, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

गेल्या जुलैत, पुण्याच्या वेशीवरच्या गोल्फच्या एका सराव रेंजवर, माझ्या या नऊवरून दोन माणसांत वाद झाला. एक ताई. मेकॅनिकल इंजिनिअर, सहा वर्षं चाकणला गाड्यांच्या कारखान्यात काढली आणि आता रडारचं यंत्र घेऊन लोकांना त्यांच्या मापाच्या काठ्या जुळवून देते. दुसरे मामा. अकराव्या वर्षी येरवड्याला कॅडी म्हणून बॅग खांद्यावर घेतली, आज सत्तरीत आहेत, आणि रेंजवर नव्याने शिकणाऱ्यांना उभं कसं राहायचं ते शिकवतात. दोघांना एकमेकांबद्दल आदर आहे, पण या एका बाबतीत त्यांचं जमत नाही.

वरून पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी दहा चेंडू मारले. ताईने यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला.

"काका, तुमच्या काठीच्या डोक्याचा वेग ताशी ८२ मैल आहे. तुमच्या वयाला उत्तम. पण चेंडू आठ अंशांनी निघतोय आणि हवेतून १५८ यार्ड जातोय. या वेगाला तो १३-१४ अंशांनी निघायला हवा. तुम्ही बारा अंशांचा ड्रायव्हर वापरायला पाहिजे होता. नऊ तुमचा नव्हेच."

मामांनी पडद्याकडे बघितलंही नाही. त्यांनी माझ्या हातातून ड्रायव्हर घेतला, उलटा केला आणि तळावर अंगठा फिरवला. अंगठ्याला हिरवट भुकटी लागली.

"हे काय आहे साहेब?"

"मॅटचा रंग."

"ड्रायव्हर टीच्या खुंटीवर ठेवलेल्या चेंडूला मारायचा. तळाला मॅट लागतंच कसं? तुम्ही वरून खाली कुऱ्हाड घालताय. आणि ताई, या माणसाला बारा दिलात तरी तो कुऱ्हाडच घालणार. फक्त महाग कुऱ्हाड."

ताईने पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. उणे ४. "मामा बरोबर सांगतायत. डोकं चेंडूपर्यंत येतं तेव्हा अजून चार अंश खाली उतरत असतं. पण काकांना मी पहिल्यांदाच बघतेय, आणि हा स्विंग एका दिवसात तयार झालेला नाही. काका, तुम्ही क्रिकेट खेळलायत का?"

मी कॉलेजात असताना क्लब क्रिकेट खेळलो होतो. तिने कसं ओळखलं ते विचारलं.

"हात चेंडूच्या पुढे, तुमचं स्वतःचं डोकं पुढच्या पायावर, कोपर वर. पुण्यामुंबईतले निम्मे लोक माझ्याकडे असेच येतात. लहानपणी कोचने शिकवलेलं असतं, चेंडू जमिनीवर ठेव, हवेत गेला की झेल. तुमच्या अंगात चाळीस वर्षांपूर्वीचा तो कव्हर ड्राइव्ह अजून आहे. हात पुढे गेले की नऊ अंशांचा फेस फटक्याच्या क्षणी आणखी मिटतो. काठीवर छापलेला आकडा वेगळा आणि चेंडूला दिसणारा आकडा वेगळा."

गोल्फ शिकवताना मला आजवर कोणी हे बोललं नव्हतं. चेंडू खाली ठेवणं हा ज्या खेळात गुण होता, तिथली शिस्त मी दुसऱ्या खेळात घेऊन आलो होतो आणि तिलाच ताकदीचा अभाव समजत होतो.

मामा म्हणाले, "मग ते क्रिकेट काढून टाकू. त्याला पन्नास हजार लागत नाहीत. साहेब, लहानपणी विटीदांडू खेळलात की नाही?"

"खेळलो."

"विटी उडवली, की मग ती हवेत असताना दांडू कुठून यायचा? वरून?"

"खालून वर."

"वरून मारलं तर विटी पायात पडते. हे पोराला कोणी शिकवत नाही, दोन दिवसांत त्याचं त्यालाच कळतं. टीवरचा चेंडू म्हणजे उडालेली विटीच. जमिनीवर नसलेल्या वस्तूला वरून कशाला मारायचं?"

ताई हसली नाही. तिला ते पटलं होतं, आणि तिने त्यात आपली भर घातली. ट्रॅकमॅन या रडारने अनेक वर्षं व्यावसायिक खेळाडूंची जी सरासरी प्रसिद्ध केली, ती तिला तोंडपाठ होती. अमेरिकेतल्या पुरुषांच्या टूरवर डोक्याचा वेग ताशी ११३ मैल, आणि डोकं चेंडूपाशी सव्वा अंशाच्या आसपास खाली उतरत असतं. बायकांच्या टूरवर वेग ९४ मैल, पण डोकं तीन अंश वर चढत असतं. पुरुषांचा चेंडू सुमारे ११ अंशांनी निघतो, बायकांचा १३ अंशांच्या वर. दोघांच्या चेंडूचे फेरे मात्र जवळपास सारखेच, मिनिटाला २,६०० ते २,७००.

"म्हणजे आमच्यासारख्यांनी टीव्हीवर पुरुषांकडे बघून शिकायचंच नाही?" मी विचारलं.

"ड्रायव्हरपुरतं तरी बायकांकडे बघा. तुमचा वेग त्यांच्याही खाली आहे. ११३ मैलांनी मारणारा माणूस खाली उतरत मारूनही २७५ यार्ड नेतो, कारण त्याच्याकडे वेग उधळायला आहे. तुमच्याकडे नाही. बागेला पाणी घालताना नळाला जोर असला की नळी आडवी धरली तरी पाणी कुंपणापर्यंत जातं. जोर कमी असला की नळीचं तोंड वर करावं लागतं."

मामांनी तिथेच तिला धरलं. "मग त्या पोरी लांब मारतात त्या खालून वर मारतात म्हणून. लॉफ्ट जास्त घेतला म्हणून नव्हे. तुमच्याच आकड्यांनी माझं म्हणणं खरं ठरतंय ताई."

या जागी ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने एक गोष्ट समजावली. मला ती त्या दिवसातली सगळ्यांत मोलाची वाटते, म्हणून सावकाश लिहितो.

चेंडू बहुतांशी फेस जिकडे बघतोय तिकडे निघतो आणि थोडासा डोकं ज्या वाटेने येतंय तिकडे ओढला जातो. त्याचा फेर ठरतो तो या दोहोंमधल्या अंतरावर. फेस दहा अंश वर बघतोय आणि डोकं चार अंश खाली उतरतंय, तर अंतर चौदा. फेस तेरा अंश वर बघतोय आणि डोकं दोन अंश वर चढतंय, तर अंतर अकरा. पहिला चेंडू बुटका निघून जास्त फिरतो. दुसरा उंच निघतो आणि तरी कमी फिरतो. नुसता लॉफ्ट वाढवला तर उंची आणि फेर दोन्ही वाढतात. खालून वर मारायला लागलं तर फेर न वाढता उंची मिळते.

"म्हणून मामांचं तत्त्व बरोबर आहे," ती म्हणाली. "वर चढत मारणं लॉफ्टपेक्षा जास्त देतं. पण काकांच्या वेगाला थोडा जास्त फेरही चालतो, उलट लागतो. हळू जाणाऱ्या चेंडूला फेराची उचल मिळाली नाही तर तो पडतोच. फेर जास्त झाला म्हणून उभा राहून मागे येणारा चेंडू हे १०५-११० मैलवाल्यांचं दुखणं. काकांचं नाही. काकांना बारा दिला तर उद्याच्या सकाळी फायदा होईल. तुमची विटी त्यांच्या अंगात यायला किती महिने लागतील?"

"सहा आठवडे."

"आणि कंबर?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. माझी कंबर त्यांना माहीत होती. दोन वर्षांपूर्वी मी तीन महिने पट्टा बांधून बसलो होतो.

"वर चढत मारायचं तर अंग मागच्या बाजूला कलतं ठेवावं लागतं. खांदा खाली, कणा वाकलेला," ताई म्हणाली. "विशीतल्या पोराला ते सांगा. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा स्विंग म्हणजे त्याचं अक्षर असतं. तुम्ही त्याला सुवाच्य लिहायला लावाल, पण वळण बदलणार नाही. मी पेन बदलून देते."

"पेन बदलल्यावर वळण सुधारायची गरज वाटत नाही, हे माझं दुखणं आहे," मामा म्हणाले. "पन्नास वर्षं मी हेच बघतोय. लाकडी डोकी होती तेव्हा साहेब लोक म्हणायचे, धातूचं आलं की बघ. धातूचं आलं तर म्हणाले टायटॅनियम. तीच माणसं, तोच उजवीकडे वळणारा स्लाइस, तीच झाडं. चेंडू शोधायला मी."

लाकडी डोक्यांचा विषय निघाल्यावर दोघंही थोडी मोकळी झाली. ती पर्सिमनच्या लाकडाची असत. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीचाच अमेरिकेतला भाऊबंद, दोन्ही एकाच कुळातली. मामांनी हे प्रथमच ऐकलं आणि त्यांना ते फार आवडलं, कारण टेंभुर्णीच्या पानांच्या विड्या वळून त्यांच्या आईने घर चालवलं होतं. १९७९ साली गॅरी अ‍ॅडम्सने टेलरमेड काढून पोलादी डोकं बाजारात आणलं, आणि त्यावरचा लॉफ्ट १२ अंश होता. त्या काळचे चेंडू हवेत भयंकर फिरत, म्हणून जोरकस खेळाडू फेर कमी ठेवण्यासाठी लॉफ्ट कमी घेत आणि बुटका चेंडू मारून तो पळवत. २००० सालच्या शेवटी टायटलिस्टचा प्रो व्ही वन आला, घट्ट गाभ्याचा, ड्रायव्हरवर कमी फिरणारा. डोकी ४६० घन सेंटिमीटरच्या मर्यादेपर्यंत फुगली. उंच उडवा आणि कमी फिरवा, असा हिशेब उलटला. २०१४ च्या सुमारास टेलरमेडनेच लॉफ्ट वाढवा म्हणून जाहिराती केल्या. खेळ बदलला, पण कमी आकडा म्हणजे मर्द ही समजूत जुन्या चेंडूच्या काळातून तशीच उरली. माझ्या दुकानदाराचं वाक्य त्यातूनच आलं होतं, आणि मला त्याचा आजही राग येतो. त्या वाक्याने किती बायकांना कमी लेखलं आणि किती पुरुषांना चुकीची काठी दिली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पुढे ताईने एक साधी गोष्ट केली. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला जाडसर ठिपका काढला, ठिपका फेसकडे करून चेंडू टीवर ठेवला आणि मला मारायला सांगितलं. फेसवर ठिपक्याचा छाप उठला. मध्यापासून बोटभर खाली आणि टाचेकडे. तिने तो पुसला, पुन्हा ठिपका काढला. पाच वेळा केलं. पाचही छाप एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळजवळ होते, आणि सगळे खाली.

"हे बघा मामा."

मामा चष्मा वर करून वाकले. "खाली लागतोय."

"ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो. वरपासून खालपर्यंत त्याला बाक असतो. वर लागला तर लॉफ्ट छापल्यापेक्षा जास्त, खाली लागला तर कमी. त्यात डोक्याचं वजन फेसच्या मागे. खाली लागलं की डोकं कलतं आणि दात्यात दाता अडकलेल्या चाकांसारखा चेंडूला जास्तीचा फेर मिळतो. म्हणजे काकांचा नऊ हा नऊ नाहीच. हात पुढे म्हणून कमी, फेसवर खाली म्हणून आणखी कमी. वर फेर जास्त. बुटका निघतो आणि तरीही धावत नाही."

मामांनी मॅटवरच्या रबरी टीकडे बोट दाखवलं. "चूक इथे आहे. ही टी सगळ्यांना एकाच उंचीची. बुटकी. साहेब चार वर्षं हिच्यावर शिकले. बुटक्या टीवरचा चेंडू गाठायला खाली यावंच लागतं."

ती रबरी टी मी हजारदा बघितली असेन. ती माझा स्विंग घडवते आहे, हे कधी डोक्यात आलं नाही. मामांनी ती उपटून काढली, मॅटच्या कडेला ओल्या गवतात लाकडी टी रोवली आणि डोकं शेजारी टेकवून उंची दाखवली. अर्धा चेंडू डोक्याच्या वर दिसला पाहिजे. मग चेंडू माझ्या डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला आणला, माझा उजवा खांदा दोन बोटांनी खाली दाबला आणि म्हणाले, "आता हनुवटी चेंडूच्या मागे ठेवा. जोर लावू नका. विटी."

ताईने प्रयोग मांडला. चार प्रकार, प्रत्येकी दहा चेंडू, सर्वांत वाईट दोन सोडून बाकीच्यांची सरासरी. जुना स्विंग आणि नऊ: १५८ यार्ड, हे आधीच होतं. जुना स्विंग आणि तिच्याकडचं १२ चं डोकं, शाफ्ट तोच: १६७. मामांची टी आणि नऊ: १६९, पण दोन चेंडू डोक्याच्या माथ्याला लागून सरळ आभाळात गेले. मामांची टी आणि बारा: १८१. डोक्याच्या वाटेचा कोन उणे ४ वरून उणे १ वर आला होता. माझा वेग मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ८२ च्या आसपासच होता. तेवीस यार्ड वाढले ते ताकदीच्या एका कणाशिवाय.

हे आकडे माझे, एका सकाळचे, रेंजच्या झिजलेल्या चेंडूंचे. मामांनी ते लगेच बजावलं. दुसऱ्या माणसाचे वेगळे येतील. आणि ते खरं असल्याचा पुरावा शेजारच्याच खणात उभा होता.

तिथे एक विशीतला मुलगा मारत होता. ताईने यंत्र त्याच्याकडे वळवलं. वेग १०८, डोकं पाच अंश वर चढत. त्याच्या हातात साडेदहाचा ड्रायव्हर होता, चेंडू पतंगासारखा वर जायचा आणि उंचीवर थांबून खाली यायचा. ताईने त्याला नऊपेक्षाही कमी लॉफ्ट सुचवला. ब्रायसन डिशँबोने २०२० ची यूएस ओपन विंगेड फूटवर जिंकली तेव्हा त्याच्या ड्रायव्हरचा लॉफ्ट साडेपाच अंश होता. इतक्या वेगाने आणि वर चढत मारणाऱ्याला तो पुरतो. तोच ड्रायव्हर माझ्या हातात दिला तर चेंडू जमीन सोडेल की नाही, सांगता येत नाही.

मामा त्या मुलाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "याला मी काही शिकवणार नाही. याची काठीच बदला."

ही पहिली कबुली होती. दुसरी ताईकडून आली, स्लाइसवर बोलताना. मी उजवीकडे वळणाऱ्या चेंडूचं विचारलं होतं. तिने सांगितलं, लॉफ्ट वाढला की मागचा फेर वाढतो, तेवढ्याच चुकीला चेंडूचा आस कमी कलतो आणि तो कमी वळतो, म्हणून बारा अंशांनी माझा स्लाइसही आवरेल. शिवाय माझ्या ड्रायव्हरच्या मानेत फिरवता येणारी बाही आहे, ती लॉफ्ट वाढवायला फिरवली की फेस थोडा बंद होतो, तेही स्लाइसवाल्याला बरं. हुक, म्हणजे डावीकडे वळणारा चेंडू मारणाऱ्याने मात्र तसं करताना सांभाळावं. त्यासाठीचा पाना डब्यात मिळालेला असतो. तो पाना मी चार वर्षांत डब्याबाहेर काढला नव्हता. तिने तिचा लावला, टक्क असा आवाज येईपर्यंत फिरवला, आणि नऊचा साडेदहा केला. त्यापुढे ती बाही जात नव्हती.

"पण स्लाइस पूर्ण जाणार नाही," ती म्हणाली. "फेस उघडा येतो तो काकांच्या पकडीमुळे. ते काम मामांचं."

हवामानावर फार वाद झाला नाही. मे महिन्यात पुण्याचा फेअरवे भाजलेला असतो, बुटका चेंडूही घरंगळत तीसेक यार्ड जातो आणि नऊ अंशांची चूक झाकली जाते. जुलैत चेंडू पडतो तिथेच रुततो. तेव्हा हवेतून जेवढा गेला तेवढाच तुमचा. मामा पावसाळ्यात टी आणखी उंच लावायला सांगतात, ताई बाही दीड अंश वाढवते. वाढवायची ती पहिल्या टीवर जायच्या आधी. फेरी सुरू झाल्यावर काठीची मांडणी बदलायला नियमांची परवानगी नाही.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. मामा म्हणाले, लांबीचंच एवढं कशाला? ७ ऑगस्ट २०२१ ला सकाळी सगळा देश टीव्ही लावून बसला होता, आपली अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये एका फटक्याने पदक चुकून चौथी आली. लांब मारणाऱ्यांत तिची गणती नव्हती. आणि त्याआधी १९९१ ला कॅडीगिरीतून वर आलेला अली शेर इंडियन ओपन जिंकला, तेव्हा कुठल्या यंत्राने त्याला काठी जुळवून दिली होती?

ताईचं उत्तर मी जसंच्या तसं आठवतो, कारण तिचा आवाज चढला होता. "मामा, अली शेरकडे रोज दोनशे चेंडू मारायला वेळ आणि भूक होती. माझ्याकडे येणारा माणूस शनिवारी येतो, कंबर धरून येतो, आणि त्याला वाटतं आपण म्हातारे झालो. त्याला जर एका डोक्याने वीस यार्ड परत मिळत असतील, तर तो आणखी दहा वर्षं खेळेल. मी त्याला ते का नाकारायचं?"

मामा म्हणाले, "नाकारू नका. पण आधी माझ्याकडे पाठवा."

मला मामांचा क्रम पटतो. ताईचा निष्कर्षही पटतो. चेंडू फेसवर कुठे लागतोय हे ठरल्याशिवाय लॉफ्टचा आकडा काही सांगत नाही, आणि ते शोधायला एक मार्कर आणि पाच रुपयांची टी पुरते. त्यानंतरही अंग जेवढं वळेल तेवढंच वळतं, आणि उरलेलं काठीने भरून काढण्यात कमीपणा नाही. दुकानात सांगतात तो उलटा क्रम, आधी काठी आणि मग जमलं तर मास्तर, हा मात्र माझ्या मते सपशेल चुकीचा आहे. त्यात माणसाचे पैसे जातात आणि वर त्याला आपलंच अंग दोषी वाटतं.

सहा आठवडे मी मामांकडे गेलो. डोक्याच्या वाटेचा कोन उणे १ वर स्थिर झाला. अधिक २ झाला नाही, आणि माझ्या कमरेने तो होणार नाही हे मामांनीच मला सांगितलं. ठिपक्याचे छाप मध्यावर आले, काही मध्याच्या वर. मग ताईकडून बाराचं डोकं घेतलं, वापरलेलं, नव्याच्या निम्म्या किमतीत. मामांनी ते हातात घेऊन उलटं केलं, तळावरून अंगठा फिरवला आणि अंगठा मला दाखवला. तो कोरडा आणि स्वच्छ होता.

तुमचा ड्रायव्हर बॅगेत असेल तर आज एवढं करा. तो उलटा करून तळाला हिरवं काही लागलंय का बघा. लागलं असेल, तर नवा घेण्याआधी टी उंच करा आणि डब्यातला पाना शोधून ठेवा.